अकरा भांडणे आणि एक चित्रपट: दोलानच्या पहिल्या चित्रपटाकडून काय घ्यावे, काय घेऊ नये

आपला प्रश्न मी थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे इतर वाचकांनाही संदर्भ लागेल. आई आणि तिचा सतरा वर्षांचा मुलगा यांच्या विस्कटलेल्या नात्यावर आपण एक पटकथा लिहिली आहे. तिच्यात लहानमोठी अकरा भांडणे आहेत, आणि ती वाचणाऱ्या तिघांनीही सहाव्या भांडणानंतर कंटाळा आल्याचे सांगितले. एका निर्मात्याने त्यात मामा, वकील आणि एखादे प्रेमप्रकरण घालायला सुचवले. मग आपण झाव्हिए दोलान या कॅनडातल्या क्वेबेक प्रांताच्या दिग्दर्शकाचा २००९ सालचा ‘झे त्युए मा मेर’, म्हणजे ‘मी माझ्या आईला मारले’, हा चित्रपट पाहिला आणि अधिकच गोंधळलात, कारण त्यातही सुरुवातीपासून शेवटपर्यंत मायलेक भांडतच असतात. आपण विचारता की त्याचे का चालले, माझे का चालत नाही, आणि हे सारे कमी पैशांत कसे बसवायचे. शेवटी आपण जरा संकोचाने आणखी एक गोष्ट विचारली आहे, की ही कथा बरीचशी स्वतःच्या घरातली असल्यामुळे आईला ती आधी दाखवावी का. त्या प्रश्नाकडे मी शेवटी येईन.

मी संकलक आहे. गेली बावीस वर्षे हेच काम करतो आणि त्यातला मोठा भाग दोन-तीन खोल्यांत घडणाऱ्या, तुटपुंज्या खर्चाच्या कौटुंबिक चित्रपटांचा आहे. हा चित्रपट मी विद्यार्थ्यांबरोबर शॉटमागून शॉट थांबवत अनेकदा पाहिला आहे. आपली पटकथा मात्र मी वाचलेली नाही. त्यामुळे पुढे जे लिहितो आहे त्यातले किती आपल्याला लागू पडेल, हे आपल्या आईच्या पात्रावर, मुलाची भूमिका करणाऱ्या नटावर आणि हाताशी असलेल्या दिवसांवर अवलंबून राहील.

आधी पैशांविषयी बोलून ते बाजूला ठेवतो, कारण ‘अल्प खर्च’ या शब्दाने पुष्कळांची फसगत होते. या चित्रपटाला साधारण आठ लाख कॅनेडियन डॉलर लागले. कॅनडाच्या मानाने ही रक्कम खरोखरच लहान आहे, पण त्या वेळच्या दराने तिचे रुपये केले तर आकडा तीन कोटींच्या पुढे जातो. त्या काळी इतक्या पैशांत मराठीत एक व्यवस्थित चित्रपट होऊन थोडे उरलेही असते. दोलानने लहानपणापासून अभिनय करून साठवलेले पैसे त्यात घातले, आणि ‘सोडेक’ या क्वेबेक सरकारच्या सांस्कृतिक उद्योगांसाठीच्या संस्थेची मदतही पुढे मिळाली. कॅनडात नवोदितांसाठी ‘टेलिफिल्म’ या केंद्रीय संस्थेचीही योजना आहे आणि तिच्या आधाराने ‘स्कारबरो’सारखा, टोरोंटोच्या पूर्वेकडील वस्तीतल्या मुलांचा आणि त्यांच्या घरांचा चित्रपट २०२१ साली उभा राहिला. आपल्याकडे राज्य शासनाचे अनुदान आहे, पण ते तयार चित्रपटाचे परीक्षण झाल्यानंतर हातात पडते, चित्रीकरणाच्या दिवशी जेवणाचे पैसे त्यातून देता येत नाहीत. तेव्हा दोलानच्या आकड्यांशी आपले आकडे जुळवू नयेत. त्याने पैसे कुठे घातले आणि कुठे घातले नाहीत, एवढेच पाहण्यासारखे आहे.

मुलाची, म्हणजे ह्युबेरची भूमिका त्याने स्वतः केली. आईची, म्हणजे शांतालची भूमिका मात्र आन दॉर्व्हाल या क्वेबेकमध्ये नाव कमावलेल्या, मुरलेल्या अभिनेत्रीला दिली आणि शिक्षिकेच्या लहान भूमिकेसाठीही सुझान क्लेमाँसारखी समर्थ नटी घेतली. हा निर्णय मला त्या चित्रपटातला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. नवा दिग्दर्शक बहुधा उलटे करतो. तो नायकासाठी ओळखीचा चेहरा शोधतो आणि आईच्या भूमिकेसाठी मालिकेतल्या कुणालातरी चार दिवस बोलावतो. आपल्या पटकथेत मुलगा कितीही महत्त्वाचा असला, तरी अशा चित्रपटाचा भार आई वाहते. कॅमेऱ्यापेक्षा, दिव्यांपेक्षा आणि संगीतापेक्षा आधी तिच्या तारखा पक्क्या कराव्यात आणि तिला तालमीचे पैसे वेगळे द्यावेत.

आता मूळ अडचणीकडे येतो. भांडणे अकरा आहेत ही आपली अडचण नाही. दोलानच्या चित्रपटात ती मोजायला गेलो तर कदाचित अधिकच भरतील. ज्या पटकथा मी कंटाळवाण्या झालेल्या पाहिल्या, त्यांत प्रत्येक भांडणानंतर दोघेही होते तिथेच उभे राहत असत. पाचव्या भांडणात मुलगा म्हणतो की तुला माझे काही कळतच नाही, आई म्हणते की मी तुझ्यासाठी हाडे झिजवली, आणि आठव्या भांडणातही तेच घडते, फक्त आवाज चढलेला असतो. संकलनाच्या टेबलावर अशी दृश्ये आली की आम्ही त्यांतले कोणतेही एक काढून पाहतो, आणि पुढच्या दृश्याला काहीच धक्का बसत नाही. ज्या दृश्याची उणीव कुणालाच जाणवत नाही ते गाळावे लागते, आणि मग नव्वद मिनिटांचा चित्रपट बासष्ट मिनिटांचा उरतो. निर्माता मामा आणि वकील सुचवतो तो या पोकळीमुळेच. त्याला रोग कळलेला असतो, औषध मात्र चुकलेले असते.

दोलानच्या चित्रपटात दर भांडणात कुणाच्या तरी हातातून काहीतरी जाते. सुरुवात किती क्षुल्लक आहे पाहा. आई खात असते, तिच्या ओठांच्या कडेला खाल्लेले लागलेले असते आणि मुलाला त्याची किळस येते. कॅमेराही त्याच निर्दयपणे तिच्या तोंडाजवळ जातो. यात कोणताही अन्याय झालेला नाही, कोणतीही घटना नाही. एकाच घरात राहणाऱ्या माणसाचे चावणे, घोट घेणे, चमचा वाजवणे असह्य होते, एवढेच आहे. त्यानंतर गाडीतले भांडण येते आणि ते इतके वाढते की आई मुलाला गाडीतून उतरवून निघून जाते. मग शाळेतल्या गृहपाठासाठी आईविषयी माहिती हवी असते तेव्हा मुलगा शिक्षिकेला सरळ सांगून टाकतो की आई वारली. ही खोटी बातमी आईपर्यंत पोहोचते आणि ती शाळेत येऊन थडकते. इथे भांडण घराबाहेर पडले, त्याला साक्षीदार मिळाले, आणि मुलगा शब्दाने का होईना पण आईला मारून मोकळा झाला. यानंतर दोघांना पहिल्या नाश्त्याच्या टेबलावर परत जाता येत नाही. चित्रपटाचे नाव भडक वाटते, पण ते किती अचूक आहे हे इथे कळते.

तेव्हा माझी पहिली सूचना अशी आहे की आपण अकराही भांडणे एका कागदावर ओळीने लिहावीत आणि प्रत्येकासमोर केवळ एवढेच लिहावे की हे संपल्यावर दोघांपैकी कुणाला कोणती गोष्ट आता करता येणार नाही. ज्यांच्यासमोर लिहायला काही सापडणार नाही ती भांडणे एकत्र करावीत किंवा काढावीत. माझा अनुभव असा आहे की अकरांची सहा होतात आणि उरलेल्या पाचांची जागा अशी दृश्ये घेतात ज्यांत कुणीच भांडत नाही.

त्या दुसऱ्या प्रकारच्या दृश्यांवरच या चित्रपटाचे खरे वजन आहे, आणि मला वाटते आपल्या पटकथेत तीच नसावीत. हा चित्रपट मुलाच्या बाजूने सांगितलेला आहे. तो सोळा वर्षांचा आहे, हुशार आहे, उद्धट आहे, त्याचे आंतोनँ या मुलावर प्रेम आहे आणि ते त्याने आईपासून लपवलेले आहे. साहजिकच आई आपल्याला त्याच्या नजरेतून दिसते: बाष्कळ, विसराळू, दूरदर्शनसमोर बसणारी, भडक दिवे आणि प्राण्यांच्या कातडीसारखी नक्षी यांनी घर भरून टाकणारी. चित्रपट तेवढ्यावर थांबला असता तर तो एका मुलाने काढलेला राग झाला असता आणि वीस मिनिटांत संपला असता. पण मधूनच तो मुलाला खोलीबाहेर काढतो आणि आईला एकटीला पाहतो.

आईला मुलाच्या प्रेमाची गोष्ट कशी कळते ते आठवा. ती त्वचा सावळी करून घेण्याच्या केंद्रात गेलेली असते. तिथे आंतोनँची आई एलेन भेटते आणि आपल्या दोघांची मुले एकत्र आहेत हे शांताललाही ठाऊक असणारच, अशा समजुतीने ती सहज बोलून जाते. शांताल तिथे तोल जाऊ देत नाही, काहीतरी बोलून वेळ निभावून नेते. दुसऱ्या बाईला आपल्या मुलाविषयी आपल्यापेक्षा अधिक माहीत आहे, ही गोष्ट पचवताना दॉर्व्हालच्या चेहऱ्यावर जे होते ते मुलगा पाहत नाही. आपण पाहतो. त्या क्षणापासून पुढच्या प्रत्येक भांडणात प्रेक्षक मुलाच्या पूर्णपणे बाजूने राहू शकत नाही, कारण त्याला मुलापेक्षा जास्त कळलेले असते. चित्रीकरणाच्या दृष्टीने हे दृश्य अगदी स्वस्त आहे. दोन बायका आणि एक जागा, बस्स.

दुसरे दृश्य टेलिफोनचे. मुलाला गावाबाहेरच्या निवासी शाळेत टाकलेले असते, तिथून तो पळून जातो, आणि मुख्याध्यापक आईला फोन करून सुचवतो की घरात पुरुषाचा धाक असता तर बरे झाले असते. नवरा कधीच सोडून गेलेला आहे, मूल एकटीने वाढवले आहे. ती पलीकडच्या माणसाला असे काही झोडपते की इतका वेळ तिच्यावर चिडलेला प्रेक्षकही तिच्याकडे झुकतो. एक बाई, एक फोन, एक खोली. मी विद्यार्थ्यांना हे दृश्य दाखवतो तेव्हा कुणीतरी हमखास म्हणतो की आपल्याला पैसा नव्हे, असा प्रसंग हवा. तसे म्हणणे सोपे आहे, कारण हा प्रसंग तासभराहून अधिक काळ तिच्याविषयी अन्यायाने बोलल्यावर येतो म्हणूनच तो इतका बसतो. तो दहाव्या मिनिटाला ठेवला असता तर ते केवळ एक भाषण ठरले असते.

याचा अर्थ आपण आईला चांगले दाखवावे असा मुळीच नाही. शांताल शेवटपर्यंत चिडवणारी बाईच राहते. ती दिलेला शब्द विसरते आणि मुलाला फसवून निवासी शाळेचा निर्णय त्याच्यावर लादते. मुद्दा एवढाच की तिला मुलाच्या अनुपस्थितीत निदान तीन दृश्ये द्यावीत आणि त्या दृश्यांत तिने मुलाविषयी बोललेच पाहिजे असा हट्ट धरू नये.

मुलालाही असाच एक एकांत आहे. मधूनमधून तो स्नानगृहात कॅमेऱ्यासमोर बसून कृष्णधवल चित्रात स्वतःशी बोलतो. हे लिहिणे सोपे आणि चित्रित करणे त्याहून सोपे असल्यामुळे त्याची नक्कल फार होते आणि बहुतेक वेळा फसते. नक्कल करणारे त्या कबुलीजबाबात पात्राला स्वतःच्या भावना समजावून सांगायला लावतात. दोलानचा ह्युबेर तिथे स्वतःच्याच वागण्याच्या विरुद्ध बोलतो. बाहेर तो आईचा द्वेष करतो, आणि इथे म्हणतो की तिला कुणी इजा केली तर मी त्याला मारून टाकीन, तरीही तिच्यापेक्षा मला जास्त प्रिय अशी शंभर माणसे मी सांगू शकेन. दोन्ही खरे आहे आणि दोन्ही एकत्र बसत नाही. जर आपल्या पटकथेत असे निवेदन असेल, तर ते नुकत्याच झालेल्या दृश्याला दुजोरा देते आहे की त्याला खोडून काढते आहे ते तपासावे. दुजोरा देत असेल तर ते मी टेबलावर पहिल्याच आठवड्यात कापेन.

आता चौकटीविषयी, म्हणजे कॅमेऱ्यातून कोण कुठे दिसते याविषयी लिहितो, कारण कमी खर्च आणि नात्याचा अर्थ या दोन गोष्टी तिथे एकत्र येतात. या चित्रपटाचे छायाचित्रण स्टेफानी वेबर बिराँ यांचे आहे. जेवणाच्या टेबलावर किंवा गाडीत मायलेकांना अनेकदा शेजारी शेजारी बसवून कॅमेरा समोर स्थिर ठेवलेला दिसतो. नेहमीची पद्धत अशी असते की दोघांना समोरासमोर बसवायचे, एकाच्या खांद्यावरून दुसऱ्याचा आणि दुसऱ्याच्या खांद्यावरून पहिल्याचा शॉट घ्यायचा. त्यासाठी प्रकाशयोजना दोनदा करावी लागते, प्रत्येक बाजूचे दृश्य पुन्हा पुन्हा करून घ्यावे लागते, आणि लहान खोलीत कॅमेरा मागे सरकायला भिंत आड येते. शेजारी बसवले की एकाच प्रकाशात, एकाच टेकमध्ये, म्हणजे कॅमेरा मधे न थांबवता, संपूर्ण दृश्य मिळते. शिवाय त्यातून एक अर्थ आपोआप निघतो: दोघे एकाच चौकटीत अडकले आहेत आणि एकमेकांकडे पाहत नाहीत.

उलट जेव्हा प्रत्येकाला वेगळ्या शॉटमध्ये घेतले आहे तेव्हा चेहरा चौकटीच्या एका टोकाला किंवा तळाशी ढकललेला आहे आणि पुष्कळ रिकामी भिंत उरलेली आहे. पाठ्यपुस्तकात शिकवतात की माणूस जिकडे पाहतो तिकडे मोकळी जागा ठेवावी. इथे तो कित्येकदा जवळच्या कडेकडे पाहतो आणि मोकळी जागा त्याच्या पाठीशी पडते. बोलणे दुसऱ्यापर्यंत पोहोचतच नाही, असे त्यामुळे वाटत राहते. याला एक पैसाही लागत नाही, पण संपूर्ण चित्रपटभर ते शिस्तीने पाळावे लागते. एखाद्या दृश्यात केले आणि विसरले तर प्रेक्षकाला ती कॅमेरामनची चूक वाटते, आणि मग लोक मला विचारतात की क्रॉप करून नीट करता येईल का.

एका टेकमध्ये दोघांना घेण्याचा धोकाही सांगायला हवा, कारण त्याची किंमत मी भोगलेली आहे. काही वर्षांपूर्वी एका चित्रपटात वडील आणि मुलीचे सात मिनिटांचे भांडण अशाच एका स्थिर शॉटमध्ये घेतलेले माझ्याकडे आले. चौथ्या मिनिटाला वडिलांचा तोल अप्रतिम होता आणि मुलगी अडखळत होती. दुसऱ्या टेकमध्ये नेमके उलटे. कापायला मधे काहीच नव्हते, कुणाच्या हाताचा किंवा ताटाचाही शॉट नव्हता. शेवटी आम्ही दोन मिनिटे गाळली, आणि त्या दोन मिनिटांत जे महत्त्वाचे वाक्य होते ते पाठमोऱ्या शॉटवर नंतर डब करून टाकले. ते आजही मला खटकते. म्हणून असा शॉट घ्यायचा असेल तर तालीम पुरेशी करावी आणि निदान एक सुटकेचा शॉट घेऊन ठेवावा. तो भांडणाशी संबंधित नसलेल्या वस्तूचा असला तरी चालेल, मात्र खोलीतला असावा.

ध्वनीविषयी थोडक्यात. घरातल्या भांडणात माणसे एकमेकांचे बोलणे तोडून बोलतात आणि तसे बोलू दिले नाही तर ते नाटकातले संवाद वाटतात. पण दोघे एकदम बोलले आणि एकच बूम, म्हणजे काठीवरून वर धरलेला माइक, लावलेला असेल तर संकलकाच्या हातात काही उरत नाही. दोघांनाही वेगळे कॉलर माइक लावावेत आणि वेगळ्या ट्रॅकवर ध्वनिमुद्रण करावे. एकएकट्याचा क्लोजअप घेताना मात्र समोरच्याने वाक्य पूर्ण होईपर्यंत थांबावे, तोडातोडी आम्ही टेबलावर करू. प्रत्येक खोलीची मिनिटभराची शांतता न चुकता मुद्रित करावी, पंखा आणि फ्रिज बंद करून. भांडण संपल्यानंतरची शांतता हा अशा चित्रपटाचा निम्मा आवाज असतो, आणि ती नंतर कुठून आणायला गेलो तर खोली बदलल्यासारखी ऐकू येते.

निर्मात्याच्या मामा-वकिलाकडे परत येऊ, कारण त्याचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. दोघांच्या नात्यात तिसरा माणूस हवाच, मात्र तो कथानक पुढे ढकलण्यासाठी आणू नये. दोलानने दोन माणसे आणली. एक म्हणजे आंतोनँची आई, जी मोकळ्या विचारांची आहे आणि मुलाच्या प्रेमाबद्दल जिला काहीच अडचण नाही. ह्युबेरला हवी तशी आई आंतोनँच्या घरात आहे, हे पाहून त्याचा आपल्या आईवरचा राग अधिकच अन्यायाचा होतो. या दोन घरांत शिक्षणाचा, आर्थिक ऐपतीचा, भाषेचा फरक आहे, आणि ह्युबेर ज्याला आईचा बेंगरूळपणा समजतो त्यात हा वर्गाचा फरक बराच मिसळलेला आहे. चित्रपट हे बोलून दाखवत नाही, दोन घरांच्या भिंती दाखवतो. दुसरे पात्र शिक्षिका झ्युलीचे. ती ह्युबेरला आसरा देते, त्याच्या लेखनाला उत्तेजन देते, आणि तिचे स्वतःचे वडिलांशी दहा वर्षांत बोलणे नाही. ती त्याला उपदेश करत नाही, पण या वाटेने गेल्यावर माणूस कसा दिसतो, हे तिच्या रूपाने मुलासमोर उभे असते. आपल्या पटकथेत मामा आणायचाच असेल तर तो भांडण सोडवायला येऊ नये. त्याचे आणि त्याच्या आईचे, म्हणजे आपल्या नायकाच्या आजीचे, काय झाले होते ते त्याच्या येण्यातून कळावे.

या चित्रपटातले काय घेऊ नये, हेही सांगतो, कारण आपण तो भारावून पाहिलेला दिसतो. मधे मधे येणारी कल्पनाचित्रे, म्हणजे नन झालेल्या आईच्या डोळ्यांतून रक्त ओघळणे किंवा वधूवेशातल्या आईच्या मागे रानात धावणे, मला दिग्दर्शकाच्या वयाची वाटतात. त्यांत वाचलेले आणि पाहिलेले दाखवण्याची हौस आहे. एकोणिसाव्या वर्षी चित्रीकरण करणाऱ्या मुलाला ती शोभते आणि कान चित्रपट महोत्सवाच्या ‘दिग्दर्शकांचा पंधरवडा’ या विभागात २००९ साली त्याला तीन पुरस्कार मिळाले तेव्हा कुणी त्यावर बोटही ठेवले नसेल. पण त्यांतले एकही कल्पनाचित्र काढले तरी मायलेकांच्या नात्याचे काही बिघडत नाही, आणि माझी कसोटी आपल्याला आता माहीत आहे. पुढे २०१४ साली त्याच दोलानने ‘मॉमी’ या चित्रपटात पुन्हा आई आणि मुलगाच घेतले, दॉर्व्हाल आणि क्लेमाँही पुन्हा घेतल्या, आणि तिथे चौकटच चौकोनी करून टाकली, रुंदीला उंचीएवढी. दोन माणसे धड शेजारी मावत नाहीत अशी ती चौकट आहे. पहिल्या चित्रपटातली कल्पनाचित्रे जे काम करू पाहत होती ते तिथे चौकटीच्या आकाराने केले आहे. पहिल्याने काही साधले नसते तर दुसरा झालाच नसता, हे खरे. तरी शक्य असेल तर हे दोन्ही चित्रपट लागोपाठ पाहावेत.

शेवटाविषयी आपण विचारलेले नाही, पण आपल्या सारांशात शेवटचे दृश्य ‘दोघे रडून एकमेकांना मिठी मारतात’ असे आहे म्हणून लिहितो. दोलानच्या चित्रपटात मुलगा पळून जातो तो लहानपणी जिथे आईवडील एकत्र राहत होते त्या पाण्याकाठच्या घरी. आई त्याला शोधत तिथे येते आणि दोघे खडकांवर शेजारी बसतात. फारसे काही बोलले जात नाही. मग मुलाच्या लहानपणीचे घरगुती चित्रण दिसते, ज्यात आई त्याच्याशी खेळते आहे. समेट झाला की नाही हे सांगितले जात नाही. पूर्वी कधी तरी हे दोघे सुखी होते एवढाच पुरावा दाखवला जातो. लक्षात घ्या, हा तोच शेजारी शेजारी बसलेला शॉट आहे जो टेबलावर आणि गाडीत आपण पाहत आलो. तिथे ते एकमेकांकडे पाहत नव्हते, इथेही पाहत नाहीत, पण आता दोघेही एकाच दिशेला पाहत आहेत. मिठीने हे साधले नसते. आधीच्या कोणत्या दृश्यातली बसण्याची जागा, कोणते भांडे, कोणती सवय शेवटी परत आणता येईल, ते आपल्याच पटकथेत शोधावे.

आतापर्यंतचे म्हणणे कामाच्या क्रमाने लावायचे तर असे होईल: भांडणांची यादी करून ज्यांनी काहीच बदलत नाही ती गाळणे, आईला तिची स्वतःची दृश्ये लिहिणे, तिच्या भूमिकेसाठी पैसे आणि तालमीचे दिवस राखून ठेवणे, आणि त्यानंतरच खोल्या पाहून चौकटीची एक शिस्त ठरवणे. बहुतेक जण आधी लोकेशन बघून येतात आणि मग त्या सुंदर गॅलरीसाठी एक भांडण लिहितात.

आता आईला दाखवण्याविषयी. याचे एकच उत्तर नाही, ते आपल्या दोघांतल्या सध्याच्या बोलण्यावर अवलंबून आहे. मी ज्या तीन आत्मचरित्रात्मक म्हणता येतील अशा चित्रपटांवर काम केले, त्यांपैकी एका दिग्दर्शकाने लिहितानाच घरी वाचून दाखवले आणि नंतरच्या प्रत्येक मसुद्यातून आईचे पात्र सोज्वळ होत गेले. चित्रीकरणाच्या वेळी तिच्यात भांडण्यासारखे काहीच उरले नव्हते. दुसऱ्याने कुणालाच दाखवले नाही आणि पहिल्या खेळाला आई मावशीसह येऊन बसली. मध्यंतरानंतर त्या दोन्ही खुर्च्या रिकाम्या होत्या. तिसरीने पटकथा पूर्ण झाल्यावर, पण चित्रीकरणाच्या आधी, आईला दिली आणि आठवडाभर काहीही विचारले नाही. आठव्या दिवशी आईने फक्त एका दृश्याविषयी सांगितले की त्या रात्री मी दार आपटले नव्हते, वाऱ्याने लागले होते. दिग्दर्शिकेने ते दृश्य तसेच ठेवले, मात्र दार आपटल्यानंतर आईच्या बाजूच्या खोलीतला एक शॉट वाढवला, ज्यात खिडकीचा पडदा हलतो आहे. संकलनात मी तो दोनदा काढून पाहिला आणि दोन्ही वेळा परत लावला.

आपली पहिली तीन दृश्ये आणि भांडणांची ती यादी इथे टाकल्यास त्यावर अधिक नेमके बोलता येईल. आईच्या एकटीच्या दृश्यांपैकी एक तरी लिहून झाल्यावर टाकावी, त्याआधी नको.